आत्याच्या काळजातलं एक अक्षर

४ मार्च

चि. टिल्लू यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत तुझी नळी पाठवली आहे. तुमच्या कागदावर छापलंय, ‘रेषेपर्यंत लाळ भरावी.’ ती रेष कोणी आखली त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. जन्मात कधी कोणावर थुंकले नाही, त्यामुळे हाताशी सराव नव्हता. सकाळी बसले ती जेवायच्या वेळेपर्यंत अर्ध्यावर. शेवटी लिंबू चिरून समोर ठेवलं आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसले, तेव्हा कुठे नळी भरली. शास्त्रासाठी अजून काय काय करायचं ते एकदम सांगून ठेव.

नळीला दोन पदरी कागद आणि वरून चिकटपट्टी लावली आहे. टपालखात्यात वर्गवारीच्या टेबलाशी अख्खी नोकरी काढली. ‘नाजूक’ लिहिलेलं पार्सल कसं मुद्दाम लांबून फेकतात ते मला ठाऊक आहे. म्हणून मी ‘नाजूक’ लिहिलंच नाही.

तू विचारलंस, फोन का करत नाहीस. फोनवर तू ‘हो हो, बरोबर’ म्हणतोस आणि मागे कळफलक बडवत असतोस. ते मला स्पष्ट ऐकू येतं. पत्र लिहिताना माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तू मला पत्रच लिहायचं.

खालचे घड्याळवाले बरे आहेत. जिन्याखालच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. यंदाही त्यांनी विचारलं. दर वर्षी थंडी सरली की विचारतात, “मग, लग्नाचं काय म्हणता?” आणि दर वर्षी मी म्हणते, “बघू.” ते मान डोलावतात आणि पुन्हा घड्याळात डोकं घालतात. भला माणूस आहे. पण काम करताना एकच सूर सतत गुणगुणतो, आणि मला माझी खोली, माझा रेडिओ आणि माझी शांतता प्यारी आहे.

तुझी,
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

नळी पोचली. फुटली नाही, गळली नाही. पण आत्या, आम्ही नळीवर नुसता क्रमांक घालतो तो अशासाठी, की ती कोणाची हे कोणालाच कळू नये. तू त्या क्रमांकाशेजारी शाईने ‘टिल्लूची आत्या’ असं लिहिलंस. आता अख्ख्या विभागात मला कोणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. काल साहेबांनी सर्वांसमोर विचारलं, “टिल्लू कोण?” मी सहा फूट उभा राहिलो.

मी नेमकं काय करतो हे तू विचारलं होतंस. तुझ्याच भाषेत सांगतो. प्रत्येकाच्या शरीरात एक लांबलचक मजकूर असतो, फक्त चार अक्षरांत लिहिलेला. तीनशे कोटी अक्षरं. ती सलग वाचणारं यंत्र आमच्याकडे नाही. आमचं यंत्र त्या मजकुराचे बारीक बारीक तुकडे वाचतं आणि ते कोट्यवधी तुकडे माझ्या अंगावर टाकून मोकळं होतं. कुठला तुकडा कुठल्या जागचा, हे एका नमुना नकाशाशी ताडून माझा प्रोग्राम ठरवतो. म्हणजे अर्धवट पत्त्याची पाकिटं घराघरांत पोचवायची. फरक इतकाच, की तुझ्या पाकिटांवर निदान गावाचं नाव तरी असायचं.

संगणकांची खोली इतकी गार ठेवतात की मी भर दुपारी स्वेटर घालून बसतो. शिवाय संगणकांसाठी रांग. एकेका माणसाचं काम आटपता आटपत नव्हतं आणि साहेब डोक्यावर बसले होते. म्हणून मी एक युक्ती केली. नकाशातले काही भाग निव्वळ अडगळ असतात. जुन्या, मोडक्या, बंद पडलेल्या प्रती. ते छाटून टाकले. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं! साहेब ‘हं’ म्हणाले. आमच्याकडे ‘हं’ म्हणजे सोन्याचं पदक. लगे हात मी नवी खुर्ची मागितली, कारण माझीचा एक पाय पुठ्ठ्यावर टेकलेला आहे. तर म्हणाले, “पडलास की जाग राहते.”

सध्या ही नवी पद्धत तपासायला आम्ही धडधाकट लोकांचे नमुने घेतलेत, त्यातली एक तू. ओळखीच्या माणसाचा निकाल उघडून बघायचा नाही असा कडक नियम आहे. तेव्हा मला काही विचारू नकोस.

तुझा,
टिल्लू (आता काय, तेच नाव)

२ एप्रिल

चि. टिल्लू,
आशीर्वाद.

म्हणजे माझीच थुंकी, माझाच मजकूर, आणि तो सगळ्या जगाने वाचायचा पण माझ्या भाच्याने नाही? हा कुठला नियम? आमच्याकडे दुसऱ्याचं पाकीट फोडायला बंदी होती, पण मालकाला त्याचं पत्र देऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं.

मोठं काही सांगू नकोस. हट्टीपणाचं अक्षर कुठे आहे आणि ते माझ्या आईकडून आलं की वडिलांकडून, एवढंच बघ. दोघंही एकमेकांवर ढकलत गेले.

इकडे नवीन काही नाही. घड्याळवाल्यांनी माझं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून आणून दिलं, मागितलं नसताना. मी म्हटलं, ते चांगलं चालत होतं. तर म्हणाले, “चालत होतं, पण मनापासून नाही.” आता या माणसाचं काय करायचं, सांग. चहा दिला. दोन पेले प्यायले आणि गुणगुणत खाली गेले.

तुझी,
आत्या

२० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

तू कशी आहेस? झोप लागते ना? सहज सांगतो, जिना जरा हळू चढत जा. वरच्या माळ्यावर राहण्यापेक्षा खालच्या मजल्यावर एखादी खोली मिळते का बघ, सहज. आणि सहजच एकदा हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. काही झालेलं नाही. तुझ्या वयाला सगळेच जातात. मी परवा आमच्या बाबांनाही सांगितलं. म्हणजे सांगणार आहे.

माझं ठीक चाललंय. इकडे एक चमत्कार झाला. साहेब एकाएकी मवाळ झालेत. ओरडत नाहीत. कालच्या बैठकीत खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत म्हणाले, “किती हिरवं आहे, नाही?” नंतर स्वतःची खुर्ची ढकलत माझ्या टेबलाशी आणली आणि म्हणाले, “घे रे, बस. कोणाला बरोबर न्यायची आहे?” माणूस असा का बदलतो कळत नाही.

जिना हळू चढ. वजन उचलू नकोस. रागावू नकोस.

तुझा,
टिल्लू

२७ एप्रिल

टिल्लू,

एका पत्रात तीनदा ‘सहज’. मी मोजले नाहीत, ते आपोआप दिसले. बाबांना सांगितलं, म्हणजे सांगणार आहेस! लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही असंच बोलला होतास.

हजारो पाकिटं माझ्या हातांखालून गेली. आत वाईट बातमी असलेलं पाकीट हातात घेतलं तरी कळायचं, कारण लिहिणाऱ्याने पत्ता फार जपून लिहिलेला असायचा. तुझं हे पाकीट तसंच आहे. अक्षर इतकं सुंदर काढलंयस की पाकीट फोडायच्या आधीच मी खाली बसले.

तू उघडून बघितलंस. आता जे दिसलं ते सांग. नाहीतर मी पिशवी भरून तिकडे येते आणि तुझ्या साहेबांच्या झाडाखाली बसते.

आत्या

३ मे

आत्या,

बघितलं. चुकलं माझं. सगळेजण जेवायला गेले होते, फाइल समोर होती, नळीवर तुझं अक्षर होतं, आणि मला वाटलं हट्टीपणाचं काहीतरी गमतीचं सापडेल.

हृदयाच्या स्नायूला धरून ठेवणारा एक दोर असतो म्हण. तो कसा वळायचा याचा मजकूर एका ठिकाणी लिहिलेला असतो. तुझ्या त्या मजकुरात एक अक्षर वेगळं आहे, आणि प्रोग्रामने त्यावर लाल खूण केली आहे. ज्यांच्यात ते अक्षर बदललेलं असतं त्यांचं हृदय हळूहळू सैल पडत जातं आणि कधीतरी अचानक थांबू शकतं. थांबेलच असं नाही. किती वर्षं, तेही कोणी सांगू शकत नाही. अजून दुसऱ्या पद्धतीने तपासलेलं नाही, पण तुकडे भरपूर आहेत आणि खूण अगदी ठळक आहे. मी पुन्हा पुन्हा बघितली.

कृपा करून डॉक्टरांकडे जा. मी रजा घेऊन येऊ का? साहेब आता काहीही मागितलं तरी देतात.

आई नोकरीला जायची तेव्हा तू मला सांभाळलंस. हे लिहिताना मला रडू येतंय आणि मी ते लपवत नाही.

टिल्लू

१५ मे

चि. टिल्लू,
अनेक, अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. रडूही नकोस. तुझं पत्र वाचून मी एक अख्खा दिवस खुर्चीत बसून होते, रेडिओसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी उठले, बाजारात गेले आणि लाल रंगाचे बूट घेतले. या वयात लाल बूट घालून कुठे जाणार असं आजवर वाटायचं. आता वाटलं, या वयात नाही तर कधी?

बूट घालून परत आले ती वर गेलेच नाही. दुकानाच्या दारात उभी राहिले. घड्याळवाल्यांच्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, शेजारी चहाचा पेला. मी म्हटलं, “हो.” ते म्हणाले, “कशाला हो?” मी म्हटलं, “इतकी वर्षं विचारताय त्याला.” टिल्लू, ते भिंग डोळ्यातून सुटलं आणि थेट चहात पडलं.

मग त्यांना खरं ते सांगितलं. आधी नीट ऐकून घ्या म्हटलं, माझ्या काळजात एक अक्षर चुकलंय. त्यांनी विचारलं, “किती दिवस?” तू काही आकडा दिला नव्हतास, पण नुसतं ‘माहीत नाही’ म्हणणं बरं दिसेना, म्हणून मीच ठोकून दिलं, “पाचेक वर्षं.” ते बराच वेळ चहातलं भिंग चिमट्याने काढत बसले. मग म्हणाले, “चालेल.”

तर विसाव्या जूनला नोंदणी कार्यालयात जायचं ठरलंय. तीन साक्षीदार लागतात, एक तू. डॉक्टरांकडे मी गेले नाही. जे माहीत आहे ते ऐकायला पैसे कशाला द्यायचे? आणि खरं सांगू, इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. काल शेजारणीला तोंडावर सांगितलं की तुझं गाणं बेसूर आहे.

तुझी,
आत्या

२ जून

आत्या! आत्या! आत्या!

बस आधी. नाही, बसू नकोस, उडी मार! जिना धावत चढ! तू ठणठणीत आहेस!

सगळं सांगतो. आमच्याकडे निकालांवर शेवटची नजर टाकायला एक डॉक्टरीणबाई येतात. त्यांनी सोमवारी सगळ्यांच्या फाइली प्रथमच एकमेकींशेजारी ठेवल्या आणि विचारलं, “हे सगळे लोक मरायला टेकलेत का?” आत्या, झाडून प्रत्येक नमुन्यात तीच लाल खूण! तुझ्यात, झाडणाऱ्या मावशींच्यात, दारावरच्या रखवालदाराच्यात. एकच माणूस सुटला होता, कारण त्याने नळी रिकामी पाठवली होती.

आणि मग साहेबांच्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे माझंही…?” त्यांनीही नमुना दिला होता. त्यांनीही नियम मोडून फक्त स्वतःची फाइल उघडली होती. झाड हिरवं का दिसत होतं ते तेव्हा कळलं. मी तुझी एकटीची बघितली, त्यांनी त्यांची एकट्याची, दोघांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि एकाने जरी दुसऱ्याला सांगितलं असतं तरी दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

चूक माझी. मी नकाशातली अडगळ छाटली ना, त्या अडगळीत या दोराच्या मजकुराची एक जुनी प्रत होती. दिसायला जवळजवळ तीच, पण बंद पडलेली, कसलंही काम न करणारी. जुळे भाऊ समज, एक नोकरीला जाणारा आणि एक घरी लोळणारा. मी लोळणाऱ्याचं घरच नकाशावरून पुसलं. त्यामुळे त्याची सगळी पत्रं नोकरीवाल्याच्या दारात जाऊन पडली, आणि प्रोग्राम ओरडायला लागला की याच्या मजकुरात चूक आहे. चूक होती ती लोळणाऱ्यात, जिथे ती सगळ्यांचीच असते आणि कोणाचं काही बिघडत नाही. लांब तुकडे वाचणारं दुसरं यंत्र मागवून पुन्हा तपासलं. तुझा दोर नवा कोरा आहे.

साहेब मला काढून टाकणार होते. पण कारण काय लिहिणार? त्यांची स्वतःची फाइल कोणी उघडली तेही लिहावं लागलं असतं. त्यामुळे नोकरी टिकली आहे. खुर्ची मात्र परत नेली.

तू आता किती खूश असशील! मी घड्याळवाल्यांना वेगळं पत्र टाकू का?

तुझा (मूर्ख),
टिल्लू

६ जून

टिल्लू,

खबरदार! त्यांना एक अक्षर लिहिशील तर माझ्याशी गाठ आहे.

घरी लोळणाऱ्याची पत्रं कामावर जाणाऱ्याला! आमच्या टेबलावर कोणी असं केलं असतं तर त्याला तिकिटं चिकटवायला बसवलं असतं. आणि घरच पुसून टाकलं, का तर काम लवकर व्हावं म्हणून. काय बोलू?

मला आनंद झाला. झालाच. जगायला कोणाला नको असतं? पण तू विचार केलास का? त्या माणसाने पाच वर्षांना ‘चालेल’ म्हटलं. आजारी बाईला चार दिवस आधार द्यायला कोणीही भला माणूस तयार होईल. माझी आजी नव्वदीच्या पुढे गेली आणि शेवटपर्यंत सगळ्यांवर ओरडत गेली. तेवढ्याला ते ‘चालेल’ म्हणाले असते का? त्यांना वाटेल मी दयेवर लग्न उकळलं.

आणि माझं? मीही पाच वर्षांच्या हिशेबानेच ‘हो’ म्हटलं रे. थोडक्यात होतं म्हणून धीर झाला. पाच वर्षं ते गुणगुणणं कोणीही ऐकेल. पण पंचवीस? भीती मला त्यांची नव्हती, लांबीची होती. इतकी वर्षं ‘बघू, बघू’ करत आले ते त्यासाठीच.

एक विचारते, रागावू नकोस. थोडीशी खराबी शिल्लक ठेवता येणार नाही का? फार नको. कागदावर पुरेल इतकी.

आत्या

१० जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

नाही ठेवता येणार. डॉक्टरीणबाईंनी तुझी नवी फाइल स्वतः बंद केली.

तुझ्या समाधानासाठी सांगतो, तुझ्या मजकुरात अर्थच न कळलेल्या जागा हजारोंनी आहेत. तिथे आम्ही ‘अर्थ अजून अज्ञात’ असं लिहितो. ती चांगली असेल, वाईट असेल किंवा काहीच नसेल. आमच्या क्षेत्रात निम्म्या गोष्टींपुढे हेच लिहावं लागतं. त्यातली एखादी हवी असेल तर घे. पण मरणाची नाही मिळणार.

तू त्यांना सांगायला हवंस. मी तीनदा ‘सहज’ लिहिलं तर तू पिशवी भरून यायला निघाली होतीस. तू काय, पंचवीस वर्षं जिन्यात धापा टाकण्याचं नाटक करणार? मी त्यांना लिहीत नाही, शब्द दिला. पण वीस तारखेला साक्षीदार म्हणून सही करायचीय, आणि खोट्या कागदावर सही करायची माझी हिंमत नाही. एक घोटाळा पुरे झाला.

तुझा,
टिल्लू

१३ जून

चि. भाचेसाहेबांस,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट नाही. मी तुमच्या आत्याच्या घराखालचा घड्याळ दुरुस्तीवाला. लिहिण्याची सवय नाही, तरी काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या आत्यांची प्रकृती बघवत नाही. गेल्या आठवड्यापर्यंत लाल बूट घालून टकटक जिना चढत होत्या. गेले काही दिवस प्रत्येक पायरीवर थांबतात, छातीला हात लावतात आणि मोठ्याने श्वास घेतात. मी दुकानातून बघतो. पण हात कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे. हा आजार जागा बदलतो का? विचारलं तर म्हणतात, तुम्ही तुमचं काम करा.

त्यांनी मला पाच वर्षं सांगितली. मी ‘चालेल’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्या दाराशी उभ्या होत्या, आणि तशाच वर निघून गेल्या असत्या तर पुन्हा वर्षभर थांबावं लागलं असतं. पण तुम्हाला म्हणून सांगतो, चालत नाही. मला रात्री जाग येते आणि पाच हा आकडा फार लहान वाटतो. तुम्ही त्या मशिनीवर काम करता. त्यातलं मला काही कळत नाही. पण काही करून पाचाची सहा होतील का? मी दुकान विकायला तयार आहे. सातही झाली तर मी तक्रार करणार नाही.

त्यांना हे पत्र लिहिल्याचं सांगू नका. रागावतील.

आपला,
घड्याळवाला

१६ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

माझ्या नावावर आलेलं एक पत्र सोबत घातलंय. सांगू नका असं त्यात लिहिलंय, म्हणून मी काहीच सांगत नाही. तूच वाच. पाकिटं चुकीच्या दारात टाकायची मला सवय आहेच, आणखी एक टाकतो.

आणि हृदय डावीकडे असतं.

तुझा,
टिल्लू

२३ जून

चि. टिल्लू यास,
अनेक आशीर्वाद.

वीस तारखेचा गोंधळ तू डोळ्यांनी पाहिलास, पण त्याआधीचं तुला माहीत नाही. कार्यालयात तू सारखा कानाशी लागून विचारत होतास, ‘यांचा गाल का सुजलाय?’ तेव्हा सांगण्यासारखी परिस्थिती नव्हती.

ते पत्र मी जिन्यात उभं राहूनच वाचलं. सहा म्हणे! सातही झाली तर तक्रार नाही म्हणे! मला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं, आणि शेजारीण दार उघडून बघते तर मी लाल बूट घालून पायरीवर बसलेली. तशीच उठले आणि खाली गेले. सगळं सांगितलं. नकाशा, छाटलेलं घर, लोळणारा भाऊ, सगळं. शेवटी म्हटलं, “मला काही झालेलं नाही. माझी आजी नव्वदीपार गेली. आता तुमचं तुम्ही ठरवा. मी तुम्हाला बांधून ठेवलेलं नाही.”

त्यांनी भिंग काढून ठेवलं, उठले, कोट चढवला आणि भर दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन निघून गेले. एवढ्या वर्षांत मी ते दुकान दुपारी बंद झालेलं पाहिलेलं नाही. मी वर आले. बूट काढून खोक्यात ठेवले, खोक्याला दोरीही बांधली. संपलं म्हटलं. आणि टिल्लू, मला जे वाटलं ते तुला सांगते, मला मोकळं वाटलं नाही. खोली होती, रेडिओ होता, शांतता होती, आणि मला ती शांतता अजिबात नको होती. पंचवीस वर्षं गुणगुणणं ऐकायचं म्हणून घाबरले होते. ते पंचवीस वर्षं ऐकू येणार नाही म्हटल्यावर खरी घाबरले.

दिवेलागणीला दार वाजलं. उघडते तर हे उभे. गाल असा सुजलेला, तोंडात कापूस, बोलता येईना. खिशातून कागद काढून त्यावर लिहून दाखवलं. दंतवैद्याकडे गेले होते. मागच्या सगळ्या दाढा किडलेल्या, पण ‘पाचच वर्षं आहेत, तेवढी यांच्यावर निघतील’ म्हणून तशाच ठेवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘एवढी वर्षं चावायला या पुरणार नाहीत. नवीन बसवायला सांगून आलो.’

मी त्यांना आत बसवलं. सूप दिलं. कापूस घेऊनही गुणगुणत होते.

बाकीचं तू पाहिलंच आहेस. अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा यांच्या तोंडून नुसता घों घों आवाज आला, आणि तो माणूस म्हणाला, मान हलवून चालणार नाही, शब्द ऐकू आला पाहिजे. म्हणून बिचाऱ्यांना तीन वेळा ‘हो’ म्हणावं लागलं, आणि तिसऱ्यांदा तर कापूस त्याच्या टेबलावर पडला. तू हसत होतास, मी पाहिलं.

मग माझी पाळी आली. तो म्हणाला, “आणि तुम्ही?” मी एकदाच म्हटलं, पण माझ्याकडे वेळ उरला नाही म्हणून नाही. अंगात काहीही बिघडलेलं नसताना, पुढे सगळं लांबलचक पडलेलं असताना, मी ‘हो’ म्हणाले.

तुझी,
आत्या